'म्हणे' आणि वदंता : सामाजिक मानसशास्त्राच्या दृष्टीने एक विवेचन

ऐकीव वार्ता दुसऱ्यास सांगताना मराठी भाषक वाक्याच्या शेवटी अथवा मध्ये 'म्हणे' असा एक लहानसा शब्द घालतो. 'पुलावर पाणी आले आहे' आणि 'पुलावर पाणी आले आहे म्हणे' या दोन वाक्यांतील वार्ता एकच आहे. परंतु पहिल्या वाक्यात बोलणारा त्या वार्तेची हमी घेतो, दुसऱ्यात घेत नाही. व्याकरणाच्या दृष्टीने क्षुल्लक वाटणारा हा भेद सामाजिक मानसशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. माणसे विचार कसा करतात, एकमेकांच्या मतांवर त्यांचा प्रभाव कसा पडतो आणि परस्परसंबंध त्या प्रभावाला कसे वळण देतात, हे या शास्त्राचे तीन मुख्य प्रश्न होत. वदंतेच्या अभ्यासात हे तिन्ही प्रश्न एकत्र येतात. प्रस्तुत लेखात वदंतेविषयीच्या प्रमुख संशोधनाचा परामर्श घ्यावयाचा असून, वार्तेतून 'म्हणे' गळून पडणे ही वदंतेच्या प्रवासातील निर्णायक पायरी कशी ठरू शकते, याचे विवेचन करावयाचे आहे.

'म्हणे'चे कार्य

'म्हणे' हे मूळचे 'म्हणणे' या क्रियापदाचे तृतीयपुरुषी एकवचनी रूप. जुन्या मराठीत ते वर्तमानकाळाचे होते. पुढे त्याला रीतिभूतकाळाचा अर्थ आला. वार्तेस जोडून येणाऱ्या 'म्हणे'चा मात्र कर्ता पूर्णपणे लोपला आहे. कोण म्हणते, हे सांगण्याची अपेक्षा तेथे नसते. कोणीतरी म्हणते एवढेच सुचवावयाचे असते. संस्कृतातील 'किल' हे अव्यय अनेक ठिकाणी हेच काम करते. आपल्या शेजारच्या कानडीत 'अंते' व तेलुगूत 'अट' ही रूपे याच कामी येतात. तुर्की भाषेत तर ऐकीव आणि स्वतः पाहिलेले यांतील भेद क्रियापदाच्या प्रत्ययानेच दाखविला जातो.

'म्हणे' वाक्यात कोठे पडतो यावरही अर्थ अवलंबून असतो. 'तो आजारी आहे म्हणे' या वाक्यात केवळ ऐकीवपणा आहे. 'म्हणे आजारी आहे!' असे म्हटले की त्यात अविश्वास आणि उपहास उमटतो. म्हणजे ऐकीवपणाकडून संशयाकडे जाण्याची वाट या शब्दातच आहे.

याहून महत्त्वाचे कार्य परस्परसंबंधांच्या संदर्भात आहे. 'म्हणे' असलेल्या वार्तेवर ऐकणारा 'असे असेल का हो?' असे सहज विचारू शकतो. त्याची शंका त्या अज्ञात मूळ वक्त्यावर जाते, समोर बसलेल्या माणसावर नाही. थोरल्या काकांनी सांगितलेल्या गोष्टीला पुतण्याने 'खोटे आहे' म्हणणे आपल्या रीतीत बसत नाही; परंतु काकांनीच 'म्हणे' म्हटले असेल, तर पुतण्यास शंका घेण्यास जागा राहते आणि काकांचा मानही राहतो. 'म्हणे' नसेल, तर वार्तेवरील शंका ही सांगणाऱ्यावरील शंका होते. या अर्थी 'म्हणे' हा केवळ ज्ञानाचा स्रोत दाखविणारा शब्द नव्हे. वार्ता आणि नाते यांना एकमेकांपासून विलग ठेवणारा तो एक पडदा आहे.

वदंता का उद्भवते

वदंता ही अडाणी अथवा दुष्ट माणसांची निर्मिती होय, असा एक सर्वसामान्य समज आहे. 'कंडी पिकविणे', 'आवई उठविणे' यांसारख्या वाक्प्रचारांतही मुद्दाम कोणीतरी हे करते असे गृहीत धरलेले दिसते. कित्येकदा ते खरेही असते. तथापि मुद्दाम पेरलेली वार्तादेखील सर्वत्र रुजत नाही. ती रुजण्यास भूमी तयार असावी लागते. गॉर्डन ऑलपोर्ट व लिओ पोस्टमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वदंताविषयक ग्रंथात या भूमीची दोन लक्षणे सांगितली : विषयाचे महत्त्व आणि परिस्थितीची संदिग्धता. या दोहोंचा संबंध बेरजेचा नसून गुणाकाराचा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. दोहोंपैकी एक शून्य असेल, तर वदंता उद्भवत नाही. पुढील संशोधकांनी, विशेषतः रॅल्फ रोझनाऊ यांनी, यात व्यक्तीच्या चिंतेची भर घातली.

या विषयातील एक मूलगामी अभ्यास भारतात झाला आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. त्यानंतर पसरलेल्या वदंतांचा संग्रह जमुना प्रसाद यांनी केला व त्यांवरील निबंध १९३५ मध्ये प्रसिद्ध केला. यांतील पुष्कळशा वदंता दिलासा देणाऱ्या नव्हत्या. लवकरच आणखी मोठा भूकंप होणार, पूर येणार, वादळ होणार, प्रलय होणार, अशा त्या होत्या. भ्यालेली माणसे आणखी भिववणाऱ्या गोष्टींवर विश्वास का ठेवितात, हे कोडे लिऑन फेस्टिंगर यांच्यासमोर आले. १९५७ मध्ये त्यांनी मांडलेल्या विचारविसंगतीच्या उपपत्तीस या कोड्यातून चालना मिळाली. धक्का जाणवला, परंतु नाश दिसला नाही, अशा ठिकाणच्या लोकांच्या मनात भीती होती आणि त्या भीतीस शोभेल असे कारण समोर नव्हते. वदंतेने ते कारण पुरविले, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. दुर्गानंद सिन्हा यांनी १९५० मधील दार्जिलिंगच्या दरडींनंतर केलेला व १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास यास पूरक ठरतो. तेथे नाश लोकांच्या डोळ्यांसमोर होता, आणि भावी अरिष्टाच्या तशा वदंता तेथे आढळल्या नाहीत.

तामोत्सु शिबुतानी यांनी १९६६ मध्ये हाच विचार पुढे नेला. अधिकृत वार्ता अपुरी पडते तेव्हा लोक आपापल्या माहितीचे तुकडे एकत्र करून परिस्थितीचा अर्थ लावतात. त्या सामुदायिक खटपटीचे नाव वदंता, असे त्यांचे मत आहे. हे समजण्यास दूर जावयास नको. जवाहरनगर ही आयुध निर्माणीची वसाहत. निर्माणीच्या कामाचे स्वरूपच असे की आत काय चालते ते बाहेर बोलावयाचे नसते. २४ जानेवारी २०२५ रोजी येथे झालेल्या स्फोटात आठ कामगार मृत्युमुखी पडले. अशा प्रसंगी आवाज सर्वांस ऐकू येतो. कोणत्या विभागात, किती आणि कोण, हे मात्र तत्काळ कळणे शक्य नसते. ज्या घरातील माणूस त्या पाळीस कामावर गेलेला असतो, त्या घरास या प्रश्नांहून महत्त्वाचे दुसरे काही नसते. महत्त्व आणि संदिग्धता ही दोन्ही पराकोटीस पोहोचतात. अशा वेळी फाटकापाशी, दुकानापाशी, दूरध्वनीवर जे बोलले जाते त्यास केवळ 'अफवा' म्हणून हिणविणे अशास्त्रीय आहे, आणि निष्ठुरपणाचेही आहे. तो माहितीचा शोध असतो. त्या शोधाच्या भाषेत 'म्हणे' वारंवार येणे स्वाभाविक आहे. कारण बोलणाऱ्यास आपल्या अज्ञानाची पुरती जाणीव असते.

एका मुखातून दुसऱ्या मुखी

वार्ता पुढे जाऊ लागली की तिचे रूप बदलते. फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये दाखविले की, ऐकलेली गोष्ट पुन्हा सांगताना माणूस तिला आपल्या परिचयाच्या साच्यात बसवितो. ऑलपोर्ट व पोस्टमन यांनी एकाने पाहिलेले चित्र दुसऱ्यास, दुसऱ्याने तिसऱ्यास सांगावे, असे प्रयोग केले. पाचसहा मुखांतून जाईपर्यंत सुमारे ७० टक्के तपशील गळून गेले. जे उरले ते अधिक ठळक झाले आणि ऐकणाऱ्यांच्या पूर्वग्रहांस अनुसरून नव्याने जुळविले गेले. एका चित्रात रेल्वेच्या डब्यात एक गोरा व एक कृष्णवर्णी मनुष्य बोलत उभे असून वस्तरा गोऱ्याच्या हाती होता. निम्म्याहून अधिक प्रयोगांत कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर तो वस्तरा कृष्णवर्णी मनुष्याच्या हाती गेला. वडाची साल पिंपळास लागते ती वाटेल तशी लागत नाही, समाजाने आधीच संशयित ठरविलेल्याच्या माथी लागते, हा या प्रयोगाचा बोध होय.

येथे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास एक प्रश्न सुचतो. गळून जाणाऱ्या ७० टक्क्यांत 'म्हणे'सारखे शब्द असतात की नाही? वार्तेचा आशय लक्षात राहतो, आणि ती कोणाकडून व किती खात्रीने कळली हे विसरले जाते, हा स्मृतीचा परिचित धर्म आहे. लिन हॅशर व त्यांचे सहकारी यांनी १९७७ मध्ये दाखविल्याप्रमाणे, तेच विधान काही दिवसांच्या अंतराने पुनःपुन्हा कानावर आले की ते अधिक खरे वाटू लागते. पहिल्याने 'टोळी आली आहे म्हणे' असे सांगितले. दुसऱ्याने तिघांकडून तेच ऐकले. तो चौथ्यास 'टोळी आली आहे' असे सांगेल. यात त्याने खोटे बोलण्याचा हेतू धरलेला नसतो. तीन वेळा आलेला एकच प्रतिध्वनी त्यास तीन स्वतंत्र साक्षी वाटलेला असतो.

इतरांचे मत आणि आपली दृष्टी

इतरांच्या मताचा प्रभाव केवळ बोलण्यावर पडतो की पाहण्यावरही पडतो, याचा शोध मुझफ्फर शेरिफ यांनी १९३५ च्या प्रयोगांत घेतला. अंधाऱ्या खोलीतील स्थिर प्रकाशबिंदू हलल्यासारखा वाटतो. तो किती हलला याचे अंदाज एकेकट्याने दिले तेव्हा ते भिन्न होते. समूहात दिले तेव्हा ते एकमेकांच्या जवळ आले. आणि नंतर एकट्याने पाहतानाही समूहाचे माप कायम राहिले. जेथे वास्तव संदिग्ध असते तेथे इतरांचे मत हेच वास्तव मोजण्याचे माप होते.

२१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही वार्ता दिल्लीपासून एका दिवसात देशभर व परदेशांतही पसरली. मूर्तीस लावलेल्या चमच्यातील दूध खरोखरच कमी होत होते. द्रवाचा पृष्ठताण आणि मूर्तीवरून ओघळणारी पातळ धार यांनी त्याचा उलगडा होतो. रंग मिसळलेले दूध वापरून वैज्ञानिकांनी ती धार लोकांना दाखविली. 'मी माझ्या डोळ्यांनी पाहिले' असे त्या दिवशी ज्यांनी सांगितले ते असत्य बोलत नव्हते. दूध कमी झालेले त्यांनी पाहिले होते. 'पिणे' हा अर्थ मात्र रांगेत उभे राहण्यापूर्वीच त्यांना मिळालेला होता. येथे 'म्हणे'ची गरजच संपली, कारण ऐकीव वार्ता स्वतःच्या अनुभवाच्या रूपाने पुढे जाऊ लागली.

सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५१ पासून प्रसिद्ध केलेले प्रयोग याहून वेगळे आहेत. तेथे संदिग्धता नव्हती. रेषांची लांबी स्पष्ट दिसत असताना आधी शिकवून ठेवलेले इतर सर्वजण चुकीचे उत्तर देत. अशा स्थितीत सुमारे एकतृतीयांश वेळा परीक्ष्य व्यक्तीनेही तेच चुकीचे उत्तर दिले. परंतु याच प्रयोगमालेतील दुसरा निष्कर्ष अधिक स्मरणीय आहे. समूहातील एकाने जरी खरे उत्तर दिले, तरी अशा चुका सुमारे चतुर्थांशावर आल्या. बहुमताचे बळ त्याच्या संख्येत जेवढे असते, त्याहून अधिक त्याच्या एकमुखीपणात असते.

आपले आणि परके

वदंतेचा शेवट पुष्कळदा निरुपद्रवी असतो. पण नेहमी नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जणांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार मारले. ते भिक्षेकरी होते. त्यांतील बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे रहिवासी होते. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडूनही त्यांना मारहाण झाली. त्या सुमारास मुले पळविणाऱ्या टोळ्यांविषयीचे संदेश व चित्रफिती भ्रमणध्वनीवरून देशातील अनेक भागांत फिरत होत्या. अशीच एक चित्रफीत मुळात कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी लोकांस सावध करण्यासाठी केलेली होती. मूल परत आणून सोडल्याचा तिचा शेवट कापून टाकण्यात आला होता.

जमाव म्हणजे विवेक हरपलेला पशू, ही गुस्ताव्ह ल बाँ यांनी १८९५ मध्ये मांडलेली कल्पना अद्याप लोकप्रिय आहे. अलीकडील संशोधन ती मान्य करीत नाही. हेन्री ताजफेल यांनी १९७० च्या सुमारास दाखविले की, चित्रकाराविषयीच्या आवडीसारख्या अगदी किरकोळ निमित्ताने जरी मुलांचे दोन गट पाडले, तरी ती आपल्या गटास झुकते माप देतात. स्टीफन रायकर यांनी १९८४ मध्ये ब्रिस्टल येथील दंगलीच्या अभ्यासातून असे प्रतिपादन केले की, जमावातील माणसे विचार सोडून देत नाहीत. 'आपण कोण' या सामायिक जाणिवेतून ती विचार करतात. या दृष्टीने पाहता राईनपाड्याचे भय अधिकच वाढते. तो जमाव आपण मुलांचे रक्षण करीत आहोत असे मानून वागला असणे शक्य आहे. हे त्याच्या कृत्याचे समर्थन नव्हे. चुकीची वार्ता सद्‍भावनेच्या आधारानेही हिंसेपर्यंत जाते, एवढेच यावरून दिसते.

मग त्याच पाच जणांवर संशय का आला? ते परके होते, भटके होते, आणि त्यांची ओळख पटवून देणारे त्या बाजारात कोणी नव्हते. भटक्या समाजांतील काही जमातींस १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरविले होते. तो कायदा स्वातंत्र्यानंतर रद्द झाला, परंतु फिरस्त्या माणसाविषयीचा संशय समाजमनातून गेला नाही. ऑलपोर्ट-पोस्टमन यांच्या प्रयोगात वस्तरा ज्या न्यायाने हातातून हातात गेला, त्याच न्यायाने येथे एक अनामिक आरोप पाच नामधारी माणसांवर जाऊन पडला. 'टोळी आली आहे म्हणे' हे वाक्य 'हीच ती टोळी' असे झाले. पहिल्या वाक्यावर प्रश्न विचारता आला असता. दुसऱ्यावर प्रश्न विचारणारा स्वतःच परका ठरण्याचा संभव होता.

छापील 'म्हणे' आणि बोललेले 'म्हणे'

जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सअ‍ॅपने पुढे धाडलेल्या संदेशावर 'फॉरवर्डेड' अशी खूण दाखविण्यास आरंभ केला आणि भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार पुढे धाडलेल्या संदेशांसाठी ही मर्यादा एका वेळी एकाच ठिकाणापुरती झाली. भाषेच्या अभ्यासकास ही खूण म्हणजे यंत्राने लाविलेले 'म्हणे'च वाटेल. परंतु दोहोंत एक भेद आहे. 'म्हणे' हे बोलणाऱ्याच्या मुखातून येते. आपण हमी घेत नाही, हे तो स्वतः सांगतो. यंत्राची खूण संदेशाच्या माथ्यावर असते आणि पाठविणारा त्याविषयी मौन धरतो. त्यामुळे कुटुंबाच्या समूहात मामांनी धाडलेला संदेश हा मामांचाच शब्द म्हणून वाचला जातो, व त्यावर शंका घेणे म्हणजे मामांचा अवमान होतो. दूरच्या अज्ञाताचे विधान जवळच्या माणसाची विश्वसनीयता उसनी घेऊन घरात येते. नात्याचा प्रभाव वार्तेवर पडतो तो असा.

येथे एक आक्षेप संभवतो. 'म्हणे' ही पळवाटही होऊ शकते; त्याच्या आडून निंदा करून नामानिराळे राहता येते. हा आक्षेप योग्य आहे. 'म्हणे' म्हटल्याने सांगणाऱ्याचे उत्तरदायित्व संपत नाही. किंबहुना 'म्हणे' हे उत्तराचा आरंभ आहे, शेवट नव्हे. त्यापुढे 'कोण म्हणे?' हा प्रश्न आला पाहिजे. 'म्हणे'ची उपयुक्तता एवढीच की, ते या प्रश्नास सभ्यपणे वाट करून देते.

निष्कर्ष व अभ्यासाची दिशा

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, वदंतेस तोंड देण्याचा उपाय लोकांची निर्भर्त्सना करणे हा नव्हे. संदिग्धता कमी करणारी अधिकृत वार्ता, ती अपुरी असली तरी अपुरी म्हणून, त्वरित देणे हा होय. 'एवढे कळले आहे, एवढे कळावयाचे आहे' असे सांगणाऱ्या अधिकाऱ्यावर लोक पुढेही विश्वास ठेवितात. दुसरी, अ‍ॅश यांच्या प्रयोगात जसा एक साथीदार पुरेसा झाला, तसा समूहात आरंभीच शंका व्यक्त करणारा एक मनुष्य पुष्कळ काही करू शकतो. जमाव जमल्यावर हे कठीण असते. वार्ता अद्याप चौघांतच असते तेव्हा ते सोपे असते. तिसरी, ही शंका नात्यास न दुखविता व्यक्त करण्याची साधने भाषेत उपलब्ध आहेत, आणि त्यांचा वापर ही शिक्षणाची गोष्ट आहे.

या शेवटच्या मुद्द्यावर मराठीत अभ्यासास भरपूर वाव आहे. बार्टलेट पद्धतीची साखळी मराठी भाषकांत योजून 'म्हणे' कितव्या मुखी गळते, हे मोजता येईल. वार्ता वडीलधाऱ्याकडून आली असता व समवयस्काकडून आली असता यात फरक पडतो काय, तेही पाहता येईल. भंडारा-गोंदियाच्या झाडीबोलीत ऐकीव वार्ता सांगण्याची रूपे कोणती, हिंदी व तेलुगू भाषकांच्या सहवासात राहणाऱ्या वसाहतींत ती कशी बदलतात, आणि लिखित संदेशात 'म्हणे'चे प्रमाण बोलण्याच्या मानाने किती राहते, हे प्रश्नही याच कक्षेतील आहेत. यांसाठी मोठ्या साधनसामग्रीची गरज नाही. ध्वनिमुद्रण, धीर आणि सहभागी होणाऱ्यांची पूर्वसंमती पुरेशी आहे. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांनी यांपैकी एखादा प्रश्न प्रबंधिकेसाठी हाती घेतल्यास भाषाशास्त्र आणि सामाजिक मानसशास्त्र या दोन्ही शाखांस त्याचा उपयोग होईल.